मागची खुर्ची

“तुमची खुर्ची नाहीये,” टेबलामागची बाई म्हणाली आणि मी चक्क हसलो. अशा ठिकाणी खुर्च्या कमी पडतातच, त्यात काय. म्हटलं, “चालेल हो, मी उभा राहीन.” तिनं यादीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. ते एका ओळीवर थांबलं आणि तिथंच राहिलं. “कमी नाही पडली. मुलीनं लिहिलंय, रिकामी ठेवा.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा हळू आवाजात, “काही काही मुलं लिहितात तसं. मनाला लावून घेऊ नका.” हे वाक्य तिनं सकाळपासून आणखी कितीजणांना ऐकवलं असेल, असं माझ्या मनात आलं. विचारायची हिंमत झाली नाही, कारण ती ‘तुम्हीच पहिले’ म्हणाली असती तर काय घ्या. माझ्यामागे रांग होती. एक आजोबा नातवाचं जाकीट हातावर टाकून उभे होते. त्यांची खुर्ची होती. त्यांच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधली गेली आणि ते आत गेले. मी बाजूला झालो. माझ्या हातात मुंगीची पाण्याची बाटली होती, ती द्यायची राहूनच गेली होती.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. वय वर्षं नऊ. लहानपणी ती एका जागी बसायची नाही आणि वजनाला काही नव्हती, म्हणून हे नाव पडलं. आता ती तासन्‌तास एका जागी बसते, पण नाव काही सुटलं नाही. दहा वर्षांखालच्या मुलांची व्हिडिओ गेमची स्पर्धा, असं कुणाला सांगितलं की आधी भुवया वर जातात आणि मग “अभ्यास कधी करते?” हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. या स्पर्धेत मात्र एक नियम आहे. प्रत्येक मुलाच्या मागे एक खुर्ची, तिच्यावर मुलाचं एक मोठं माणूस, आणि त्या माणसाचं काम एवढंच की मुलाला धीर द्यायचा. तोही वाटेल तसा नाही. स्पर्धावाल्यांनी आधीच घरी एक कार्ड पाठवलं होतं, त्यावर सात वाक्यं. छान चाललंय. श्वास घे. मी इथेच आहे. अशी. त्याबाहेरचं काही बोलायचं नाही. ‘जिंक’ म्हणायचं नाही, ‘अरे अरे’ करायचं नाही, मोठ्यानं सुस्कारासुद्धा सोडायचा नाही. दाढी करताना आरशासमोर मी ती वाक्यं म्हणून बघायचो. ‘मी इथेच आहे’ मला नीट जमत नव्हतं, ते दम दिल्यासारखं यायचं. मुंगीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “पाठांतराची स्पर्धा तुझी आहे का तिची?” सातही वाक्यं मला तोंडपाठ होती. आणि मागे कोण बसणार, ते मुलानं स्वतःच्या हातानं एका कागदावर लिहायचं, मोठ्यांनी बघायचं नाही, लिफाफा बंद करून पाठवायचा. मी बघितलं नाही. बघायचं कशाला, दुसरं कोण असणार? लिफाफ्याला डिंक मीच लावला. कड अंगठ्यानं दाबून अशी बसवली की हवासुद्धा आत जाऊ नये. कामाची सवय.

हॉलच्या एका बाजूला लांब काच होती आणि काचेबाहेर अरुंद बोळासारखी जागा. तिथे ज्यांना पट्टी नव्हती असे लोक उभे होते. धाकटी भावंडं, एक कंटाळलेली मावशी, आणि माझ्यासारखे दोन-तीन बाप, जे एकमेकांकडे बघत नव्हते. मुंगीचं टेबल काचेपासून तिसरं. मला ती एका बाजूनं दिसत होती. उजवा गाल, कान, आईनं घट्ट बांधलेली वेणी, आणि मागे करड्या रंगाची रिकामी खुर्ची. पडदा तिरका दिसत होता. पण मी पडद्याकडे बघतच नव्हतो. कानाच्या खाली, जिथे जबडा वळतो तिथे, एक छोटी गोटी वर येत होती आणि जात होती. वर येत होती आणि जात होती. ती गोटी कुठून येते, ते माझ्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नसणार.

मी कवळ्या बनवतो. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, मी त्यात प्लॅस्टर ओततो, आणि दुपारपर्यंत एका अनोळखी माणसाचं तोंड माझ्या टेबलावर उघडं पडलेलं असतं. माणूस मला कधी दिसत नाही. पण हा एकाच बाजूनं चावतो, ही शिवताना दोरा दातानं तोडते, हा बोलत काही नाही पण दात खातो, हे मला कळतं. एकदा रस्त्यात एक बाई कुणाकडे तरी बघून हसली आणि मी माझे दात ओळखले. ओळख दाखवायची तरी कशी? तर एवढा मी शहाणा. तीन आठवड्यांपूर्वी मुंगी म्हणाली, “बाबा, इथे दुखतंय,” आणि गालावर बोट ठेवलं. शाळा सुटल्यावर ती माझ्याकडेच येते. म्हटलं, चल, गंमत करू, तुझा ठसा घेऊ. गुलाबी लगदा तोंडात असताना ती नाकानं हसत होती. दुसऱ्या दिवशी ठशातून प्लॅस्टर सोडवलं आणि मला वाटलं, अदलाबदल झाली. हे कुणा पन्नाशीच्या माणसाचं. रोज रात्री दात खाणाऱ्या, घरात कुणाशी न पटणाऱ्या माणसाचं. पण जबडा एवढासा होता. सुळ्यांची टोकं गेली होती, दाढांचे माथे घासून सपाट झाले होते. दुधाचे दात काय, पडणारच आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. मग सगळ्यांच्या मागे उभी असलेली दाढ बघितली. ती सहाव्या वर्षी येते आणि जन्मभर पुरवायची असते. तिच्यावरही मोहरीएवढा एक चकचकीत डाग होता. बोटानं पुसून बघितला. तो जाणारा नव्हता.

तेव्हा मला काय काय करता आलं असतं. तो साचा खिशात घालून घरी जाता आलं असतं. तिच्या आईसमोर ठेवता आला असता. निदान खाली बसता आलं असतं. मी काय केलं? दातांवर बसवायचं गार्ड बनवलं. पारदर्शक प्लॅस्टिकची चकती गरम करून साच्यावर दाबली, कापली, कडा घासून अशा गुळगुळीत केल्या की गालाला लागू नयेत. एवढं सुबक काम मी आजवर कुठल्या डॉक्टरला दिलेलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मुंगीच्या तोंडात ते बसवून मी तिला म्हणालो, “आता खेळताना बिनधास्त चाव, काही होणार नाही.” तिच्या आईनं गार्ड हातात घेऊन उजेडात धरलं. ती दवाखान्यात रक्त काढायच्या खोलीत काम करते, दिवसाला पाच-पंचवीस मुलं तिच्यासमोर रडतात. “सुंदर झालंय,” असं म्हणून तिनं ते खाली ठेवलं. मग भांडी आवरता आवरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “शाब्बास सुई काढल्यावर म्हणायचं असतं. आधी म्हटलं की पोरं हात आखडून घेतात.” मी म्हटलं, “इथे सुई कुठे आली?” ती भांडी लावत राहिली. आज तिची ड्यूटी होती. नसती तर या काचेशी ती उभी असती आणि मी कुणाकडे तरी बघू शकलो असतो.

आत पहिली फेरी सुरू झाली. खेळ साधा आहे. एक गच्ची, तिच्यावर दोन लहान प्राणी, आणि जो दुसऱ्याला खाली ढकलील तो जिंकला. पाचातल्या तीन फेऱ्या जिंकायच्या. मुंगीच्या समोर जाकीटवाल्या आजोबांचा नातू होता, चष्मा घातलेला, पाय जमिनीला न पोचणारा. साडेसहा वर्षांची असताना हा खेळ तिला माझ्या फोनवर सापडला. मी मेण कोरत असायचो आणि ती प्लॅस्टरच्या गोण्यांशेजारी स्टुलावर. ती ढकलायची नाहीच. आपला प्राणी चालवत चालवत कडेपर्यंत न्यायची आणि उडी मारायची. पडताना तो ‘टुप्’ असा आवाज करायचा, पाण्यात खडा पडल्यासारखा, आणि ती एवढी हसायची की स्टुलावरून घसरायची. “बाबा, परत पडू? बघ हं, परत पडते!” पंधरा वेळा, वीस वेळा. माझं अर्धं लक्ष मेणात. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “अगं, पडायचं नाही, पाडायचं.” बस, एवढंच. ती हसायची थांबली. रागानं नाही, समजून घेण्यासाठी थांबली. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा कुणाला तरी पाडलं. मी म्हटलं, “शाब्बास!” तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पुन्हा बघायची मला चटक लागली. चटक मला लागली, तिला नाही. हे आज काचेशी उभं राहून कळतंय, आणि कळून काय उपयोग, असंही वाटतंय. मग शाळेची स्पर्धा, मग शेजारच्या हॉलमधली, मग ही. पदकं मी कामाच्या टेबलावरच्या खिळ्याला लावतो. ठसे घेऊन येणाऱ्या माणसानं विचारलं नाही तर मी त्या दिशेला बघून खोकतो. पण एक सांगतो, ती हरली म्हणून मी कधी आवाज चढवला नाही. शपथेवर सांगतो. मी नेहमी म्हणालो, “काही हरकत नाही. पुढच्या वेळी.”

पहिली फेरी मुंगीनं जिंकली. आणि तिनं मान वळवून मागे बघितलं. रिकाम्या खुर्चीकडे. घरातून निघताना गॅस बंद केला का, ते जसं आपण बघून घेतो तसं, झटकन. पुन्हा पडद्याकडे वळली. मला वाटलं, सवय आहे, दर वेळी मी असतो. दुसरी फेरी ती हरली. या वेळी मागे वळली ती जास्त वेळ. खुर्चीच्या पाठीकडे, माझा चेहरा जिथे असता बरोबर त्या उंचीवर तिनं बघितलं आणि मान डोलावली. हो, हो, अशी. कुणीतरी काहीतरी म्हटलं आणि तिनं ते ऐकून घेतलं, अशी. काय म्हटलं ते मला इथे काचेबाहेर ऐकू आलं. काही हरकत नाही. तिनं मला बाहेर ठेवलं होतं, तरी मी आत बसलो होतो. कार्डावरची सात वाक्यं मला लागू नव्हती, मला कुणी थांबवू शकत नव्हतं. तिकडे समोरचे आजोबा मात्र खरेखुरे खुर्चीत होते आणि त्यांना डुलकी लागली होती. तोंड थोडं उघडं. वरची कवळी सैल झालेली दिसत होती, कुणाचं काम होतं कुणास ठाऊक. नातू एकदाही मागे वळला नव्हता.

त्या झोपलेल्या माणसाकडे बघताना मला आप्पा आठवले. आप्पा म्हणजे माझे वडील. कारखान्यात लेथवर होते, आयुष्यभर लोखंड ऐकून कान गेलेले, आणि त्यामुळे की काय, बोलणंही गेलेलं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना शाळेच्या चारशे मीटरच्या शर्यतीला ते आले होते, कामाच्या कपड्यांतच. मी बूट काढून अनवाणी धावणार होतो, ते बूट त्यांच्याकडे दिले. शिट्टी वाजली आणि मी धावलो. पहिल्या वळणावर बघितलं तर आप्पा मैदानाकडे पाठ करून उभे. दोन्ही हातांत एकेक बूट, आणि नजर कुंपणापलीकडे रस्त्यावर. दुसऱ्या वळणावरही पाठच. मी चौथा आलो. त्यांच्याजवळ गेलो तेव्हा त्यांनी बूट पुढे केले आणि विचारलं, “भूक लागली?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “चल.” संपलं. हा राग मी तीस वर्षं जपला. आप्पांना अग्नी देतानाही तो माझ्याजवळ होता. मुंगी झाली तेव्हा मी ठरवलं, मी पाठ करून उभा राहणार नाही. मी बघेन. मी बोलेन. माझ्या पोरीला कधी प्रश्न पडणार नाही की बापाचं लक्ष होतं की नाही. आणि आज, चाळिशी उलटल्यावर, हातात पाण्याची बाटली धरून मला त्या दुपारची दुसरीच गोष्ट आठवली. शेवटच्या शंभर मीटरमध्ये मी चौथा होतो आणि मला ते माहीत होतं, आणि मला मजा येत होती. तळव्यांना माती गरम लागत होती. समोर आप्पांची पाठ होती, घामानं काळी झालेली, आणि तिला माझ्याकडून काही नको होतं. त्यांना बघवत नव्हतं म्हणून ते वळले होते की मला मोकळं सोडायचं म्हणून, ते आता कुणाला विचारणार? पण मी त्या दिवशी दात आवळून धावलो नव्हतो, एवढं खरं.

आत दोन-दोन झालं होतं. मी काचेकडे पाठ केली. मुद्दाम, आप्पांसारखी. समोर भिंत, तिच्यावर आग लागल्यास काय करावे याची पाटी. ती मी वाचली. एकदा, दोनदा. बाटली दोन्ही हातांत धरली. मनात म्हटलं, मुंगे, बघ, मी बघत नाहीये. पण ती कुठे माझ्याकडे बघत होती? तिच्यासाठी मी खुर्चीत होतो, आणि तिथून मी पाठ कशी फिरवणार? मी आकडे मोजत होतो. तीस, एकतीस. मान आपोआप वळली. एवढंसुद्धा मला जमलं नाही. ती गच्चीच्या अगदी कडेला होती. गोटी वर आली होती आणि आता खाली जात नव्हती, तशीच राहिली होती. मग तिचा प्राणी पडला. काचेतून आवाज येत नाही, पण ‘टुप्’ मला ऐकू आलं. ती रडली नाही. चष्मेवाल्याशी तिनं हात मिळवला. मग मागे वळली आणि खुर्चीला मान डोलावली. नातवानं आजोबांना हलवून उठवलं. ओठांच्या हालचालीवरून मला कळलं, तो म्हणाला, “झालं.” आजोबांनी डोळे चोळले, जाकीट झटकलं आणि त्याच्या अंगावर चढवायला लागले. कोण जिंकलं, ते त्यांनी विचारलंच नाही.

मुंगी बाहेर आली ती पाठीवर दप्तर अडकवून, सरळ माझ्याकडे. चार पावलांवर थांबून तिनं आधी माझा चेहरा तपासला. मी तो तयार ठेवला होता, आणि तयार ठेवला होता म्हणूनच तो बिघडला असणार.

“भूक लागली?” मी विचारलं.

“बाबा, मी हरले.” तोंडात गार्ड असल्यामुळे शब्द जड येत होते. मला बातमी पोचलीच नाही की काय, असं तिला वाटलं.

“बघितलं मी.”

“कुठून?”

“इथून. काचेतून.”

तिनं काचेकडे बघितलं, आतल्या खुर्चीकडे बघितलं. “मग रिकामी ठेवून काय उपयोग,” ती म्हणाली. चिडून नाही. गणित चुकल्यावर म्हणते तसं.

“रिकामी का ठेवलीस गं?”

तिनं दप्तराचा पट्टा सारखा केला. “मी हरले की तू म्हणतोस ना, काही हरकत नाही. तेव्हा तू आतून रडका होतोस. मला ऐकू येतं ते. म्हटलं, तू नकोच बसू. तुला त्रास.” आणि तिनं माझ्या बाटली धरलेल्या हातावर थोपटलं. “काही हरकत नाही, बाबा. पुढच्या वेळी.”

तीच चाल. शब्द तेच, श्वास घ्यायची जागा तीच, शेवटचं अक्षर जरा ओढून, माझ्यासारखं. आजवर हे ऐकायला कसं लागतं ते मला माहीत नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो, म्हणजे तिच्या डोळ्यांशी माझे डोळे येतील. येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून जात होते. म्हटलं, “मुंगे, पुढची वेळ नको. पुरे झालं. आपण हे थांबवू या.” हे म्हणताना मला हलकं वाटलं. तीन आठवड्यांपूर्वी म्हणायला हवं होतं ते उशिरा का होईना म्हटलं, असं वाटलं.

तिचा चेहरा पांढरा पडला.

“मी हरले म्हणून?”

“नाही गं. तसं नाही.”

“मग मी जिंकले असते तर?” ती माझ्याकडे बघत होती. “जिंकले असते तर तू थांबवलं असतंस?”

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचा प्रश्न होता आणि जगातला कुठलाही बाप तिथे खोटं बोलला असता, त्याला कुणी नावं ठेवली नसती. पण माझ्या डोळ्यांसमोर ती संध्याकाळ आधीच उभी राहिली होती, जी झालीच नाही. तिच्या आईला मी इथूनच फोन करतोय. मुंगी माझ्या खांद्यावर आहे. टेबलावरच्या खिळ्याला आणखी एक पदक, आणि मी पुढच्या स्पर्धेचा अर्ज मागायला त्याच बाईकडे जातोय. त्या संध्याकाळी तिची दाढ मला आठवलीसुद्धा नसती. ती वाट बघत होती. वाट बघणं तिला जमतं, खेळात तीच तिची ताकद आहे, समोरचा आधी चुकतो. मग तिनं वाट बघणं सोडून दिलं. दोन बोटं तोंडात घालून तिनं गार्ड काढलं, फ्रॉकला पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“हे फुटलं,” ती म्हणाली. “दुसरं करशील? जरा जाड कर.”

बाटली घेऊन ती पाणी प्यायली आणि दाराकडे चालायला लागली. मी तिथेच गुडघ्यावर होतो. गार्ड उजेडात धरलं. उजवीकडे सगळ्यात मागे, त्या सहाव्या वर्षाच्या दाढेवर, आरपार भोक पडलं होतं. गार्ड अजून तिच्या तोंडाइतकं गरम होतं.